घरच्या कॉकपिटसाठी जॉयस्टिक: काय घ्यावी, कशी बसवावी

लढाऊ विमानांचे सिम्युलेटर घरी खेळू पाहणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. कोणती जॉयस्टिक घ्यावी? थ्रॉटल वेगळा हवाच का? आणि सगळं जोडून झाल्यावर विमान आपोआप एका बाजूला का कलंडतं? पहिल्या दोन प्रश्नांवर लोक महिनोन् महिने व्हिडिओ पाहत बसतात. तिसरा प्रश्न पडला की बऱ्याच जणांना वाटतं, वस्तूच खराब निघाली. मग याहून महागडी घ्यायचे बेत सुरू होतात. खरं तर दोष बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतो आणि तो दहा मिनिटांत निघतो.

हा नाद सध्या वाढण्याला एक निमित्तही आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झालं. १९६३ पासून सेवेत असलेलं हे विमान नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बांधलं गेलं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांशी त्याचं नातं आहे. आता ते उडवायचं तर संगणकावरच. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ बिस आहे, त्यातले स्विच खऱ्या विमानासारखे एकेक करून चालू करावे लागतात. तिथे कीबोर्डवर निभाव लागत नाही.

विरार-नालासोपाऱ्यातल्या वन-बीएचकेत, समुद्राच्या दमट हवेत आणि बेताच्या पैशांत हे कसं जमवायचं, ते पुढे पाहू.

आधी विमान ठरवा

जॉयस्टिक दुकानात निवडली जात नाही. तुम्हाला कोणतं विमान उडवायचं आहे, त्यावरून ती ठरते.

- आधुनिक जेट (एफ-१६, एफ/ए-१८): यांत विमानाचा संगणक बरंच सांभाळून घेतो. हवेत असताना रडरला पाय लावायची वेळ क्वचितच येते. पण रडार, क्षेपणास्त्रं, फ्लेअर हे सगळं स्टिक आणि थ्रॉटलवरून हात न काढता चालवायचं असतं. म्हणून इथे बटणं आणि हॅट, म्हणजे अंगठ्याने चारी दिशांना ढकलायचे छोटे खुंट, जास्त हवेत.
- मिग-२१: जमिनीवरच परीक्षा घेतं. याचं नाकाचं चाक पायाने वळत नाही. स्टिकवरचा ब्रेकचा खटका दाबायचा आणि ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं पेडल पुढे ढकलायचं. त्या बाजूच्या चाकाला जास्त ब्रेक लागतो आणि विमान वळतं. रडरसाठी पेडल किंवा निदान पिळता येणारी स्टिक हवीच.
- दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची विमानं: मस्टँगचा थ्रॉटल झटक्यात पुढे केला की विमान डावीकडे पळतं आणि धावपट्टी सोडून गवतात जातं. उजवा रडर सतत लागतो. बटणं कमी चालतील, पण रडर चांगला हवा.
- हेलिकॉप्टर: पेडल घेण्याची तयारी नसेल, तर यात लगेच पडू नका. एका हाताने स्टिक, दुसऱ्याने कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) आणि पायाने शेपटी, असं तिन्ही अखंड चालतं.

ठरवायला पैसे लागत नाहीत. डीसीएस वर्ल्ड मोफत उतरवता येतं आणि त्यासोबत सुखोई-२५टी व टीएफ-५१डी ही दोन विमानं मिळतात. एक रणगाडे टिपणारं जेट, दुसरं शस्त्रांविनाचं मस्टँग. विकतच्या बहुतेक विमानांची १४ दिवसांची मोफत चाचणीही घेता येते. आधी मस्टँग उडवून पाहा. तुम्हाला रडरची किती गरज आहे, ते पहिल्याच उड्डाणात कळेल.

इथे एक सावधगिरीची सूचना. वॉर थंडर खेळण्यासाठी जॉयस्टिक घेत असाल, तर कोणत्या प्रकारात खेळणार ते पाहा. त्यातल्या आर्केड आणि रिअॅलिस्टिक प्रकारांत माऊसने नेम धरता येतो आणि माऊसवाला खेळाडू जॉयस्टिकवाल्याला सहज लोळवतो. जॉयस्टिकचा खरा उपयोग सिम्युलेटर प्रकारात आहे. हे ठाऊक नसल्यामुळे पैसे टाकून आठवडाभरात नवी जॉयस्टिक माळ्यावर टाकलेली मंडळी आहेत.

व्हीआर हेडसेट आधीच घरात असेल, तर व्हीटीओएल व्हीआर हा खेळ त्याच्यासोबतच्या हातातल्या कंट्रोलरवरच चालतो. जॉयस्टिकचा खर्च शून्य.

तीन पायऱ्या, तीन खर्च

नेमक्या किमती आज एक, उद्या एक असतात. पण पायऱ्या ठरलेल्या आहेत.

पहिली: एकच स्टिक. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो ही बरीच वर्षं बाजारात असलेली जॉयस्टिक. १२ बटणं, वर एक हॅट, तळाशी थ्रॉटलचा छोटा दांडा आणि स्टिक पिळून चालणारा रडर. चार आकडी किमतीत सुरुवात होते. थ्रॉटल लहान आणि अंगठ्याने सरकवायचा, त्यामुळे फॉर्मेशन उडवताना किंवा हवेत इंधन घेताना चिडचिड होते. पण आपल्याला हा नाद खरंच लागणार आहे का, ते ठरवायला एवढं पुरे.

दुसरी: स्टिक आणि वेगळा थ्रॉटल. यालाच होटास म्हणतात. दोन्ही हात आपापल्या दांड्यावर आणि लढाईतली सगळी कामं बोटांखाली. थ्रस्टमास्टरचा टी.१६०००एम स्टिक आणि टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल हा जोड या पायरीवरचा शहाणा सौदा. स्टिकमध्ये मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर आहेत आणि काही भाग बदलून ती डावखुऱ्यांना वापरता येते. थ्रॉटल मात्र रुळावर पुढेमागे सरकतो आणि काही काळाने जरा अडखळू लागतो. वंगण बदललं की सुधारतो. लॉजिटेकचा एक्स-५२ याच पायरीवर बसतो. त्याची स्प्रिंग हलकी आहे, काहींना ती आवडते, काहींना स्टिक हातात ढिली वाटते.

तिसरी: धातूची, जड, महाग. थ्रस्टमास्टरचा वॉर्टहॉग हा ए-१० विमानाच्या कंट्रोलची नक्कल. देखणा, वजनदार आणि स्विचांनी भरलेला. पण याच्या स्टिकला पिळ नाही, म्हणजे रडर पेडल वेगळे घ्यावेच लागतात. खोक्यावरची किंमत वाचून घेणाऱ्यांच्या हे नंतर लक्षात येतं. व्हीकेबी, व्हर्पिल, विनविंग या कंपन्यांचा माल या नादातल्या जुन्याजाणत्यांना आवडतो, तो बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर स्टिकला मात्र पिळ आहे आणि डाव्या हातासाठी वेगळी आवृत्तीही मिळते.

पैसे मोजके असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा: पिळाची साधी स्टिक, मग डोक्याच्या हालचालीवर नजर फिरवण्याची सोय, मग थ्रॉटल, मग पेडल, आणि सगळ्यात शेवटी महाग स्टिक. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात. लढाऊ विमानात शत्रू दिसला नाही, तर धातूची स्टिक हातात असून काही उपयोग होत नाही.

सेन्सर आणि वसईची हवा

स्वस्त जॉयस्टिकमध्ये हालचाल मोजायला पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो, तोच प्रकार. त्यात पट्टीवर एक टोक घासत फिरतं. धूळ, दमटपणा आणि झीज यांनी पट्टी खराब झाली, की हात न लावताही आकडा थरथरू लागतो. हॉल सेन्सर चुंबकाच्या साहाय्याने मोजतो, काही घासत नाही, म्हणून तो टिकतो.

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यालगतच्या गावांत पावसाळ्याचे चार महिने लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. इथे पोटेन्शिओमीटरची वस्तू लवकर थकेल, असंच धरून चाला. जाहिरातीत ‘हॉल सेन्सर’ लिहिलेलं असलं, तरी तो कोणत्या अक्षाला आहे ते विचारा. अनेक स्टिकमध्ये पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हॉल असतो, पण पिळाच्या रडरला साधा पोटेन्शिओमीटरच असतो. आधी थरथरतो तो हाच पिळ.

पावसाळ्यात वापर नसताना जॉयस्टिक झाकून ठेवा, शक्य असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात. आकडा थरथरू लागला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर पोटेन्शिओमीटरवर मारून पाहा. गंज काढायचा नेहमीचा स्प्रे तिथे मारू नका. आणि वॉरंटी चालू असेल, तर स्क्रू ड्रायव्हर हातातच घेऊ नका.

कुठून घ्यावी

वसई-विरारच्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानांत गेमपॅड सहज मिळतो, जॉयस्टिक क्वचित. प्रत्यक्ष हाताळून घ्यायची असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथेही दुकानदाराकडे माल आहे का, ते आधी फोनवर विचारून निघा. विरारहून एवढं जाऊन ‘कल या’ ऐकून परत येण्यात अर्थ नाही.

घेताना खोक्यावरचं लेबल वाचा. बाहेरून आलेल्या बंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, कोणत्या देशात बनला तो उल्लेख आणि तक्रारीचा संपर्क छापलेला असणं कायद्याने आवश्यक आहे. लेबल नसेल, तर तो माल अधिकृत वाटेने आलेला नाही असं समजा. भारतातली वॉरंटी मिळणं मुश्कील.

परदेशातून स्वतः मागवत असाल, तर वस्तूच्या किमतीवर विसंबून बेत आखू नका. वाहतूक, सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचं सोडवणुकीचं शुल्क हे वर येतं. धातूच्या जड वस्तूची वाहतूकच बरीच होते. कुरिअरवाले ओळखपत्राची केवायसी मागतात, ती वेळेत न दिल्यास पार्सल अडकून पडतं. वस्तू बिघडलेली निघाली, तर परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे विक्रेत्याला आधी लेखी विचारा.

जुनी घेणाऱ्यांनी स्टेशनबाहेर उभ्या उभ्या सौदा करू नये. विक्रेत्याच्या घरी जा किंवा स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा, आणि पुढे दिलेली तपासणी तिथेच करा.

छोट्या खोलीत बसवताना

हात स्थिर नसेल तर कितीही महाग स्टिक असो, नेम लागणार नाही. कोपर काटकोनात, मनगट सरळ आणि हाताचा पुढचा भाग कशावर तरी टेकलेला असावा. साध्या टेबलाच्या उंचीवर स्टिक ठेवली, की खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात मान भरून येते. हा त्रास लोक वयावर ढकलतात.

उपाय स्वस्त आहेत. अठरा मिलिमीटर प्लायचा तुकडा घ्या, त्यावर जॉयस्टिक स्क्रूने किंवा जाड वेल्क्रोने बसवा आणि तो तुकडा हार्डवेअरच्या दुकानातल्या सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा. खेळून झालं की क्लॅम्प सोडायचा, टेबल मुलांच्या अभ्यासाला मोकळं. थ्रॉटल टेबलाच्या पातळीपेक्षा थोडा खाली हवा असेल, तर वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात फॅब्रिकेशनची छोटी वर्कशॉप आहेत. कागदावर मापं काढून दिली, तर एमएस अँगलचा साधा ब्रॅकेट करून मिळतो. बाहेरच्या तयार माउंटच्या मानाने तो बराच स्वस्तात पडतो. जॉयस्टिकच्या तळाच्या भोकांचं माप मात्र वस्तू सोबत नेऊनच द्या.

स्टिक दोन पायांच्या मध्ये, खऱ्या विमानासारखी बसवली तर हात खूप आरामात राहतो आणि वरून लांब दांडा जोडता येतो. दांडा जितका लांब, तितकी हालचाल बारीक. पण लांब दांड्याला जोरदार स्प्रिंग आणि पक्का तळ लागतो. हलक्या प्लास्टिकच्या जॉयस्टिकला लांब दांडा लावाल, तर तळ मोडेल.

पेडलवाल्यांची वेगळीच पंचाईत. गुळगुळीत टाइल्सवर पाय दाबला, की पेडल पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे जाते. पेडलच्या मागे भिंतीपर्यंत फळी टाका आणि खुर्चीचा पाया पेडलला दोरीने बांधा. दिसायला गबाळं, पण पक्कं. खुर्चीची चाकं काढून ठेवली तरी चालतं.

संगणकाला जोडताना

१. सुरुवातीला एकेकच वस्तू जोडा, तीही सरळ संगणकाच्या मागच्या यूएसबी पोर्टला. कोणती वस्तू कोणत्या पोर्टला, याची चिठ्ठी लावून ठेवा. पोर्ट बदलला, की काही खेळ ती वस्तू नवी समजतात आणि तुमची सगळी बटणं पुसलेली दिसतात.

२. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ चालवा (टाइप करताना इंग्रजीत). स्टिकला हात न लावता अधिकचं चिन्ह मधोमध स्थिर आहे का पाहा. मग चारी टोकांना न्या, कोपऱ्यापर्यंत पोचतंय का पाहा, सोडल्यावर मध्यावर परत येतंय का पाहा. प्रत्येक बटण दाबून त्याचा दिवा लागतो का बघा. जुनी वस्तू घेतानाची तपासणी ती हीच.

३. सगळं ठीक असेल, तर विंडोजच्या कॅलिब्रेशनला हात लावू नका. नव्या जॉयस्टिक स्वतःच कॅलिब्रेट होतात किंवा कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर देतात. वरून विंडोजचं कॅलिब्रेशन केलं की कधी कधी अचूकता कमीच होते.

४. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. खेळता खेळता मध्येच स्टिक मेली, तर पहिला संशय इथेच घ्या. बटणं आपोआप दाबल्यासारखी वाटत असतील, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला पॉवर्ड हब लावून पाहा.

५. आता तो कलंडणाऱ्या विमानाचा प्रश्न. डीसीएस वर्ल्ड प्रत्येक जोडलेल्या वस्तूच्या पहिल्या दोन अक्षांना आपणहून नाक वर-खाली (पिच) आणि डावी-उजवीकडे झुकणं (रोल) ही कामं देऊन टाकतो. स्टिकसाठी ते बरोबर आहे. पण पेडलचे पहिले दोन अक्ष हे सहसा डाव्या-उजव्या पायाचे ब्रेक असतात, आणि पाय न लावलेला ब्रेक म्हणजे अक्षाचं एक टोक. म्हणजे विमानाला सतत कुणीतरी पूर्ण झुक म्हणतंय. गेमपॅड जोडलेला राहिला, तरी असाच गोंधळ होतो. उपाय: ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स, तिथे विमान निवडून ‘ॲक्सिस कमांड्स’. प्रत्येक वस्तूचा एक उभा रकाना दिसेल. पेडलच्या आणि थ्रॉटलच्या रकान्यातून पिच आणि रोल पुसा, स्टिकच्या रकान्यातून थ्रॉटल पुसा (तुमचा थ्रॉटल वेगळा असेल तर). हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं. नवं विमान घेतलं, की पहिलं काम हेच.

६. जमलं की प्रोफाइल सेव्ह करा आणि सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएसच्या फोल्डरातला ‘इनपुट’ फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली, की याचं मोल कळतं.

डेडझोन आणि कर्व्ह

डीसीएसच्या कंट्रोल्समधल्या ‘ॲक्सिस ट्यून’च्या चौकटीत लोक एक तर जातच नाहीत, नाही तर जाऊन सगळे आकडे हलवून येतात.

डेडझोन म्हणजे मध्यावरचा तो पट्टा, जिथे स्टिक हलली तरी विमान हलत नाही. शून्यावर सुरू करा. हात न लावता विमान सरळ राहत नसेल, तर एकेक आकडा वाढवा. दोन-तीनला काम भागलं पाहिजे. दहावर नेऊनही भागत नसेल, तर सेन्सर गेलाय. मोठा डेडझोन ठेवून बंदुकीचा नेम धरणं जवळजवळ अशक्य, कारण नेमाच्या वेळी लागतात त्या सगळ्या बारीक हालचाली याच पट्ट्यात गिळल्या जातात.

कर्व्ह वाढवला, की मध्याजवळ विमान मंद होतं आणि टोकांजवळ तेवढंच बिथरतं. टेबलावरच्या आखूड स्टिकला पिच आणि रोलसाठी १० ते २० ठीक. रडरच्या पिळाला जरा जास्त चालेल. लांब दांड्याला शून्य. पन्नासवर कर्व्ह ठेवून ‘आता विमान किती गुळगुळीत उडतं’ म्हणणारे पहिल्या तीव्र वळणात विमान घालवून बसतात. थ्रॉटलला कर्व्ह लावू नका.

तपासायची सोपी रीत: सुखोई-२५टी घेऊन एखाद्या ट्रकवर किंवा इमारतीवर उथळ सूर मारा आणि नेमाचा ठिपका तिथे तीन सेकंद धरून ठेवायचा प्रयत्न करा. ठिपका वर-खाली उसळत असेल तर कर्व्ह थोडा वाढवा. ठिपका आळसटल्यासारखा मागे राहत असेल तर कमी करा. एका वेळी एकच आकडा बदला.

हेलिकॉप्टरसाठी एक वेगळी गोष्ट. खऱ्या हेलिकॉप्टरात ट्रिम केल्यावर, म्हणजे स्टिकची आहे ती जागा पक्की केल्यावर, स्टिक तिथेच थांबते. घरची स्प्रिंग तिला मध्यावर ओढते. डीसीएसच्या विशेष पर्यायांत ‘सेंट्रल पोझिशन ट्रिमर’ ही सोय आहे. ट्रिमचं बटण दाबलं, की स्टिक मध्यावर येईपर्यंत खेळ तिच्याकडे लक्ष देत नाही. ही सोय चालू केली नाही, तर प्रत्येक ट्रिमला हेलिकॉप्टर उडी मारेल.

कुठलं बटण कशाला

सगळी बटणं भरायचा मोह टाळा. बाहेर पाहत असताना जे लागतं तेवढंच बोटांखाली हवं: ट्रिगर, शस्त्र सोडणं, शस्त्र बदलणं, लॉक, फ्लेअर, एअर ब्रेक, ट्रिम, बोलायचं बटण. चाकं, दिवे, इंजिन सुरू करणं हे कीबोर्ड किंवा माऊसवर राहू दे.

१२ बटणांच्या साध्या स्टिकवर सुखोई-२५टीसाठी एक मांडणी अशी:

- ट्रिगर: तोफ.
- बाजूचं अंगठ्याचं बटण: मॉडिफायर. हे दाबून धरलं, की बाकीच्या बटणांना दुसरं काम मिळतं. १२ ची जवळजवळ २२ होतात.
- हॅट: एरवी नजर फिरवायला, मॉडिफायरसह ट्रिम.
- वरची चार बटणं: लॉक, शस्त्र सोडणं, शस्त्र बदलणं, फ्लेअर. मॉडिफायरसह तीच चार टीव्ही कॅमेऱ्याचा चौकोन वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायला.
- तळाची सहा: एअर ब्रेक, फ्लॅप, बोलायचं बटण, चाकांचा ब्रेक, कॅमेरा चालू-बंद, पॅराशूट.

पुढे विमान बदललं तरी ट्रिम, फ्लेअर आणि बोलायचं बटण त्याच जागी ठेवा. मेंदूपेक्षा बोटं उशिरा शिकतात.

नजर कशी फिरवायची

हॅटने नजर फिरवत हवाई झुंज लढणं कष्टाचं असतं. ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरून डोक्याची हालचाल ओळखतं; डोकं थोडं वळवलं की पडद्यावर नजर खांद्यामागे जाते. चेहऱ्यावर समोरून उजेड असू द्या, खिडकी पाठीमागे नको. विकतचा ट्रॅकआयआर जास्त स्थिर आहे, पण आधी मोफतचं वापरून पाहा. नजर मध्यावर आणायचं बटण स्टिकवर ठेवायला विसरू नका, आणि थ्रॉटलवर एखादा मोकळा दांडा असेल तर त्याला झूम द्या. लांबचं विमान ओळखायला झूम सतत लागतो.

हवाई दलात जायचंय म्हणून घेत असाल तर

पालक हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात. वैमानिक निवडीतल्या सीपीएसएस चाचणीत दांडा आणि पेडल यांचा ताळमेळ पाहिला जातो आणि ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून घरी सरावासाठी जॉयस्टिक घ्यायची, असा विचार असतो. घरच्या सिम्युलेटरवरचे तास कुठेही धरले जात नाहीत, ना हवाई दलात, ना नागरी वैमानिक परवान्यासाठी. हातापायांना सवय होते, एवढंच. तेवढ्यासाठी पहिल्या पायरीची स्टिक पुष्कळ झाली. वॉर्टहॉगसाठी मुलाच्या क्लासची फी थांबवू नका.

बिघडलेली वस्तू हाती आली तर

खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि वर दिलेली तपासणी त्याच दिवशी करा. परत घेण्याची मुदत संपल्यावर लक्षात आलेला थरथरता अक्ष सिद्ध करणं कठीण जातं.

- ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत हे स्पष्ट आहे. ‘हॉल सेन्सर’ सांगून दुसरंच दिलं, तर तेही यात येतं. नुसती आवडली नाही, हे कारण मात्र यात बसत नाही. तिथे विक्रेत्याचं धोरण लागू.
- संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तुमच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा. तक्रार फोनवर न करता लेखी करा, क्रमांक जपा.
- तेवढ्याने झालं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. विक्रेता दिल्लीत असो वा बंगळूरला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या भरता येते. मुदत दोन वर्षांची.
- परदेशी कंपनीकडून थेट मागवलेल्या वस्तूबाबत हे हक्क बजावणं व्यवहारात फार अवघड आहे. महागडी खरेदी तिथून करताना हे गृहीत धरूनच पैसे टाका.

आयोगापर्यंत जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहा. बिल, ऑर्डर क्रमांक आणि व्हिडिओ हाताशी ठेवा. क्रमांक १९१५, आणि तिथे मराठीत बोलता येतं.